आधी वाकायचं, मग लाथ

दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात शाळा सुटायच्या वेळेला रस्त्याकडेला पिवळ्या छोट्या बसची रांग लागते. त्यांतल्या बऱ्याचशा तायक्वांदोच्या शाळांच्या असतात. बसच्या दाराशी पांढऱ्या पोशाखातला एक तरुण शिक्षक उभा असतो. सात-आठ वर्षांचं पोर दप्तर सावरत धावत येतं, त्याच्यापुढं थांबतं, टाचा जुळवतं, कमरेतून वाकून मोठ्यानं नमस्कार घालतं आणि मग पायरी चढतं. शिक्षकही प्रत्येक पोराला उलट वाकतो. वीस मुलं असली तर वीस वेळा वाकतो.

तायक्वांदोच्या शाळेला इथं दोजांग म्हणतात. आई-वडील दोघंही नोकरीला असलेल्या घरांत शाळा आणि संध्याकाळ यांच्यामधली वेळ कशी भरायची, हा प्रश्न इथंही आहेच. त्याचं एक उत्तर म्हणजे गल्लीतला दोजांग. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथं आलो, मुलगा वर्गातल्या मित्रांच्या मागं मागं दोजांगला जायला लागला आणि काही महिन्यांनी संध्याकाळच्या मोठ्यांच्या वर्गाला मीही नाव घातलं. तायक्वांदो म्हटलं की लोकांना उंच उडून मारलेली लाथ आठवते. ती लाथ मला अजून नीट जमत नाही. पण तिच्या आजूबाजूला जी शिस्त आहे, वाकणं आहे, रांग आहे, दोन्ही हातांनी वस्तू देणं आहे, त्यात मी गुंतून गेले. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा दिखाऊ आज्ञाधारकपणा वाटतो. मला तो तसा वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच इथं सांगायचं आहे.

आमचा दोजांग एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली बेकरी, मध्ये गणिताची शिकवणी, वर आम्ही. दारात बूट काढायचे आणि टोकं दाराकडं करून फडताळात ठेवायचे. आत पाय टाकताना समोरच्या भिंतीवरच्या राष्ट्रध्वजाकडं तोंड करून वाकायचं, मग शिक्षक असतील तिकडं वळून वाकायचं. उशीर झाला तर मॅटच्या कडेला उभं राहायचं. शिक्षकांचं लक्ष गेलं, त्यांनी मान हलवली की रांगेत शेवटी जायचं. मध्येच पाणी प्यायला किंवा बाहेर जायला विचारावं लागतं, आणि विचारण्यामागं साधं कारण आहे. तीस माणसं लाथा फिरवत असताना त्यांच्या मागून कुणी न सांगता चालत गेलं तर ते कुणाच्या तरी टाचेखाली सापडतं.

बहुतेक नियमांचं असंच आहे. हातापायाची नखं कापलेली हवीत, कारण पाय अनवाणी असतात आणि वाढलेलं नख जोडीदाराची कातडी फाडतं. अंगावर दागिना नको, कारण अंगठीनं ओठ फुटतो. नव्यानं आले तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं. आमचे शिक्षक जेमतेम तिशीला टेकलेले. त्यांनी वर्गासमोर काही म्हटलं नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी मला बाजूला बोलावलं आणि गळ्यातलं हे काय आहे, काढता येईल का, असं विचारलं. लग्नाचं आहे, एवढं मी माझ्या मोडक्या कोरियनमध्ये सांगितलं. ते आत गेले, चेन असलेली एक छोटी कापडी पिशवी घेऊन आले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरून थोडं वाकले. दागिन्यांचा सामायिक डबा शेजारीच होता, पण माझी वस्तू त्यात जाऊ नये हे त्यांचं त्यांना कळलं होतं. नियमातून मला सूट मिळाली नाही. अपमानही झाला नाही. एवढ्या तरुण माणसाला हे कुणी शिकवलं, याचं मला फार नवल वाटलं होतं. उत्तर हळूहळू मिळत गेलं. ज्या शिस्तीत ते स्वतः मोठे झाले, तिच्यात वस्तू पुढं कशी करायची हेही लहानपणापासून घोटून घेतलेलं असतं.

कोरियात वडीलधाऱ्याला काही देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात वापरतात, किंवा उजवा हात पुढं करून डावा हात त्याच्या मनगटाला किंवा कोपराला लावतात. दुकानदारही सुटे पैसे असेच देतो. दोजांगमध्ये ही गोष्ट लाथेच्या सरावात येते. एकजण हातात जाड पॅड धरतो, दुसरा त्यावर लाथ मारतो. ठरलेल्या लाथा झाल्या की दोघं समोरासमोर येतात, वाकतात, पॅड दोन्ही हातांनी देतात-घेतात आणि जागा बदलतात. तासाभरात हे कितीतरी वेळा होतं. पॅड धरणारा मार सोसतो, लक्ष चुकलं तर त्याचं बोट मुरगळतं. आता लाथ मारणारा पुढच्या मिनिटाला पॅड धरणार असतो. ही अदलाबदल वाकून होते, म्हणून आपण समोरच्याच्या हातावर मारतो आहोत हे डोक्यातून जात नाही.

वर्ग सुरू होतो तो रांगेनं. सर्वांत वरच्या दर्जाचा विद्यार्थी पुढच्या रांगेत उजव्या हाताला, मग उतरत्या क्रमानं बाकीचे. रांगेतला ज्येष्ठ विद्यार्थी 'चारयॉत' म्हणतो. टाचा जुळतात, हात मांड्यांशी जातात, कुजबुज थांबते. मग 'क्यॉंगने', म्हणजे वाका. आधी ध्वजाला, उजवा हात छातीवर ठेवून. मग शिक्षकांना, कमरेतून. शिक्षकाला 'साबॉमनिम' म्हणतात, दोजांगच्या प्रमुखाला 'क्वानजांगनिम'. त्यांच्या नावानं हाक मारायची पद्धत नाही, आपल्याकडं 'सर' आणि 'बाई' म्हणतात तसंच. मी कोल्हापूरची. आमच्याकडं तालमीत उतरताना पोरं लाल माती कपाळाला लावतात, वस्तादांच्या पाया पडतात. त्यामुळे वाकण्यात मला परकं काही वाटलं नाही.

परकं वाटलं ते रांगेतलं स्थान. माझा पांढरा बेल्ट. वर्गात दहा-अकरा वर्षांची काही मुलं मोठ्यांबरोबर सराव करायला येतात, त्यांच्या कमरेला अर्धा लाल, अर्धा काळा बेल्ट असतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण काळा बेल्ट देत नाहीत. त्यांच्या दर्जाला 'पूम' म्हणतात आणि पोशाखाचा गळाही लाल-काळ्या पट्टीचा असतो. ही मुलं माझ्या पुढं उभी राहतात, मी त्यांच्या मागं. एका मुलीनं मला पहिला पवित्रा शिकवला. माझा गुडघा किती वाकला पाहिजे ते तिनं स्वतः वाकवून दाखवलं, आणि हे सगळं अत्यंत आदरार्थी कोरियन भाषेत, कारण मी तिच्या आईच्या वयाची. रांगेत ती ज्येष्ठ, बोलण्यात मी ज्येष्ठ. दोन्ही मान एकाच वेळी पाळले जातात आणि कुणालाच त्यात अडचण वाटत नाही. शिक्षक मला 'ऑमॉनिम', म्हणजे आई, अशी हाक मारतात आणि मी त्यांना साबॉमनिम म्हणते. वयानं मोठ्या माणसाला शिकवताना शिक्षकाची भाषा अधिक नम्र होते, आवाजातला अधिकार मात्र तसाच राहतो. आपल्याकडं अधिकार आला की पहिल्यांदा भाषा बदलते, हे मला तिथं उभं राहून फार जाणवतं.

पोशाखाचंही शास्त्र आहे. पांढरा दोबोक, म्हणजे सरावाचा पोशाख, धुतलेला हवा, इस्त्री नसली तरी चुरगळलेला नको. बेल्टची दोन्ही टोकं सारख्या लांबीची लोंबली पाहिजेत. सरावात बेल्ट सुटला तर शिक्षक आणि ध्वज यांच्याकडं पाठ करून तो बांधायचा. जमिनीवर टाकायचा नाही, गळ्यात अडकवायचा नाही, घरी जाताना पोशाखाची घडी घालून त्यावर गुंडाळून न्यायचा. एकदा सहा वर्षांच्या एका मुलाचा बेल्ट तिसऱ्यांदा सुटला. शिक्षकांनी वर्ग थांबवला नाही, त्याला ओढून सरळही केलं नाही. ते त्याच्यापुढं एका गुडघ्यावर बसले, त्याला हळूच वळवून भिंतीकडं तोंड करायला लावलं, स्वतःही वळले आणि त्याच्या पोटावरून दोन वेढे घेऊन गाठ कशी खालून वर काढायची ते त्याच्याच हातांनी करून घेतलं. गाठ बसल्यावर त्यानं वाकून आभार मानले. शिक्षक गुडघ्यावरूनच वाकले.

खरी कसोटी लढतीच्या सरावात. अंगावर छातीचं कवच, डोक्यावर शिरस्त्राण. समोरासमोर उभं राहून वाकायचं, मग पवित्रा. एका किशोरवयीन मुलीची फिरकी लाथ कवच चुकवून माझ्या कोपरावर बसली, हात बधिर झाला. ती त्या क्षणी थांबली, एक पाऊल मागं गेली, वाकली आणि तशीच उभी राहिली. घाईघाईनं जवळ येऊन मला धरायचा प्रयत्न तिनं केला नाही, आणि लढत पुन्हा सुरूही केली नाही. मी हात झटकून वाकेपर्यंत सगळं थांबलेलं. मला पुरेसा वेळ मिळाला का, हे माझ्या वाकण्यावरून ठरणार होतं. तेव्हा मला कळलं की हे वाकणं म्हणजे परवानगीची देवाणघेवाण आहे. लागल्याचं मान्य करायचं, समोरचा पुन्हा तयार आहे का बघायचं, मग पुढचं. तायक्वांदोची लाथ शिरस्त्राणातूनही माणसाला बेशुद्ध पाडू शकते. असं हत्यार अनोळखी माणसांच्या हाती देऊन रोज एकमेकांवर चालवायचं, तर थांबायची खूण सगळ्यांना सारखी आणि पक्की ठाऊक हवी.

आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमांतही हे वाकणं लिहिलेलं आहे. लढतीआधी खेळाडूंनी शिरस्त्राण डाव्या काखेत धरून एकमेकांना वाकायचं, कंबर तीस अंशांहून अधिक आणि मान पंचेचाळीस अंशांहून अधिक झुकवून. एवढी मान झुकली की समोरच्याचा चेहरा दिसत नाही. क्षणभर आपण त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकतो. तो विश्वास मोडला तर काय होतं याचं उदाहरण सगळ्या जगानं 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पाहिलं. क्यूबाचा आन्खेल मातोस हा 2000च्या सिडनी ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. कांस्यपदकाच्या लढतीत दुखापतीनंतरच्या विश्रांतीची वेळ संपल्यावर त्याला बाद ठरवलं, तेव्हा त्यानं पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर तहहयात बंदी आली. सिडनीतच तायक्वांदोचा ऑलिंपिकच्या पदकांच्या खेळांत पहिल्यांदा समावेश झाला होता. त्या पहिल्याच वर्षीच्या विजेत्याची कारकीर्द अशी संपावी, याचं दुःख इथल्या जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात अजून येतं.

दोजांगच्या पत्रकांवर ही सगळी परंपरा दोन हजार वर्षांची असल्याचं छापतात. सिल्ला राज्यातल्या ह्वारांग तरुण योद्ध्यांची आणि वॉनग्वांग या भिक्षूनं सांगितलेल्या पाच नियमांची आठवण काढतात. राजाशी निष्ठा, आई-वडिलांची सेवा, मित्रांशी सचोटी, रणातून माघार नाही, विनाकारण जीव घ्यायचा नाही. नियम जुने आहेत हे खरं, पण आज दोजांगमध्ये दिसते ती रीत बरीच अलीकडची आहे. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात काही कोरियन तरुण जपानमध्ये कराटे शिकले. त्यांतल्या ली वॉन-गुक यांनी 1944 साली सोलमध्ये चॉंगदोग्वान ही शाळा काढली, आणि स्वातंत्र्यानंतर अशा अनेक शाळा उभ्या राहिल्या. पांढरा पोशाख, बेल्ट, काळ्या बेल्टनंतरच्या पायऱ्या हे जपानी ज्युदो-कराटेतून आलं. 'तायक्वांदो' हे नाव 1955चं, त्यामागं चे होंग-ही हे लष्करी अधिकारी. 1972मध्ये सोलला कुक्कीवॉन हे मुख्यालय बांधलं गेलं, काळ्या बेल्टची प्रमाणपत्रं तिथून निघतात. तायक्वांदो हा देशाचा राष्ट्रीय क्रीडाप्रकार असल्याचं कायद्यात लिहिलं गेलं ते 2018मध्ये.

म्हणजे दोजांगच्या शिष्टाचारात तीन धागे आहेत. मोठ्यांचा मान राखणारं कन्फ्यूशियसच्या वळणाचं कोरियन घर, जपानी आखाडा आणि लष्कराची छावणी. 'चारयॉत' ही आज्ञा इथल्या सैन्यातही तशीच देतात, आणि कोरियन पुरुषांना सैन्यात सक्तीची नोकरी करावीच लागते. पहिले दोन धागे मला आवडतात. तिसऱ्याची भीती वाटते. छावणीत वरचा खालच्याला जाब विचारतो, खालच्याला वर विचारायची सोय नसते.

ही भीती उगाच नाही. जुलै 2024मध्ये सोलच्या उत्तरेला असलेल्या यांगजू शहरात एका दोजांगच्या प्रमुखानं एका लहानग्याला गुंडाळी केलेल्या मॅटमध्ये डोकं खाली करून कोंबलं आणि तसंच ठेवलं. काही दिवसांनी ते मूल दवाखान्यात दगावलं. न्यायालयानं त्या माणसाला 30 वर्षांची कैद सुनावली. त्या घटनेची बातमी आली त्या आठवड्यात आमच्या दोजांगच्या जिन्यात आई-बाप न बोलता उभे असायचे. आमच्या क्वानजांगनिमनी पालकांना बोलावलं. मॅटच्या कडेला एका ओळीत खुर्च्या मांडल्या होत्या. ते आमच्यापुढं खाली वाकले आणि म्हणाले, की कोणत्याही तासाला, न कळवता, कुणीही येऊन बसावं. खुर्च्या तिथं आजही आहेत. मी पालक म्हणून कितीदा तरी तिथं बसले आहे. मला दिसतं ते एवढंच, की शिक्षा म्हणून मुलाला कडेला बसवतात, उठाबशाही काढायला लावतात, पण त्यानंतर शिक्षक त्याच्याजवळ जाऊन बसतात आणि मूल परत रांगेत जाताना दोघं एकमेकांना वाकतात. मला स्वतःला उठाबशा पसंत नाहीत आणि ते मी सांगितलंही आहे.

शिक्षक कोण होऊ शकतो, यालाही इथं पायऱ्या आहेत. कुक्कीवॉनचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मिळवायला काळ्या बेल्टची किमान चौथी पायरी लागते. पहिलीवरून दुसरीला जायला एक वर्ष, दुसरीवरून तिसरीला दोन, तिसरीवरून चौथीला तीन. म्हणजे काळा बेल्ट मिळाल्यावरही निदान सहा वर्षं दुसऱ्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. एवढ्यानं माणूस चांगला होतोच असं नाही, यांगजूनं ते दाखवलं. पण वाकून घेण्याआधी पुष्कळ वर्षं वाकलेलं असणं ही अट मला योग्य वाटते.

शिस्त दोजांगच्या दारात संपावी अशी इथं अपेक्षाच नसते. 2015पासून कोरियात शाळांमधल्या चारित्र्यशिक्षणासाठी स्वतंत्र कायदा लागू आहे. त्यात शिष्टाचार, आई-वडिलांची सेवा, प्रामाणिकपणा, जबाबदारी अशी मूल्यं नोंदवलेली आहेत, आणि दोजांगही पालकांना हेच देऊ करतात. मुलांना घरचा अभ्यास मिळतो. आईचे खांदे दाबून द्या, स्वतःची जेवणाची भांडी उचला, बूट नीट लावा. 8 मे हा इथं आई-वडिलांचा दिवस. त्या सुमारास आमच्या दोजांगमध्ये मुलांनी आई-बापांचे पाय धुतले. प्लॅस्टिकचं घमेलं, कोमट पाणी, खांद्यावर टॉवेल. माझा मुलगा माझ्या बोटांच्या बेचक्यांत साबण लावत होता आणि मन लावून लावत होता. पाद्यपूजा ऐकत वाढलेल्या मलाही पाय पुढं करताना अवघडल्यासारखं झालं. शेजारी एक बँकेतले अधिकारी बसले होते, त्यांना हुंदका आवरेना. अशा कार्यक्रमांवर इथलेही काही पालक टीका करतात. कृतज्ञता फर्मानानं येत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पण बूट लावायची सवय फर्मानानं येते, हे माझ्या घरच्या दारात रोज दिसतं.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं. तायक्वांदोचे वर्ग आपल्याकडं शहरोशहरी, तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. सुट्टीत आले की भाच्याच्या वर्गाला मी जाऊन बसते. 'चारयॉत, क्यॉंगने' मुलं खणखणीत म्हणतात, ध्वजाला वाकतात, सरांना वाकतात. कधी कधी सर मात्र वाकत नाहीत. हात मागं बांधून मोबाईलकडं बघत उभे असतात. अशा वर्गात रीत अर्धीच शिकवली जाते, आणि अर्धी रीत मुलांना फक्त दबायला शिकवते.

म्हणून मुलाचं किंवा मुलीचं नाव घालण्याआधी फी आणि बेल्टच्या परीक्षा यांच्या चौकशीबरोबर एक तास वर्गात बसून बघा. मुलं वाकली की शिक्षक उलट वाकतात का? पॅड हातात देतात की फेकतात? मूल पडलं, लागलं, रडलं, तर सराव थांबतो का? मोठी मुलं लहानांना शिकवताना कशा शब्दांत बोलतात? मुलींना स्पर्श करून पवित्रा दुरुस्त करण्याआधी विचारतात का? आणि तुम्हाला बसू देतच नसतील, पालकांना आत यायची परवानगी नाही असं सांगत असतील, तर तो वर्ग कितीही पदकं आणणारा असला तरी तिथं मुलाला घालू नका.